गाठी कुणाच्या अंगाला

सगुणा तांबे अठ्ठावन्नाव्या वर्षी नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाली, तेव्हा तिला फार काही नको होतं. केसांना मेंदी थापायची, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी चढवायची, जुना गाऊन घालून परसातल्या सिमेंटच्या बाकावर पाय लांब करून बसायचं, आणि कोणी बघायचं नाही. यातलं शेवटचं सोडून बाकी सगळं तिला मिळालं.

तेहतीस वर्षं ती आरोग्य केंद्राच्या आवारातल्या एका खोलीत राहिली होती. खोलीची खिडकी ओपीडीच्या ओसरीवर उघडायची. ताटात बोंबील आहे की नुसती डाळ, हे ओसरीवर खोकत बसलेल्या पेशंटांना आधी कळायचं आणि मग तिला. नवरा लवकर गेला. मुलगी प्रांजली पनवेलला बँकेत लागली आणि तिकडचीच झाली. मग सगुणानं काशीदच्या रस्त्याला तीन गुंठे घेतले, दोन खोल्या बांधल्या, मागं अनंत, लिंबू, गवती चहा आणि केळी लावल्या. मधोमध बाक घातला. पहिल्याच रविवारी मेंदी थापून ती बाकावर बसली आणि पाच मिनिटांत पलीकडून आवाज आला.

"काय गं सगुणे, लगीनबिगीन ठरलंय का कुणाचं?"

हा मार्तंड वर्तक. शेजारच्या नारळी-पोफळीच्या आगराचा मालक. वय सहासष्ट, रक्तात साखर आणि जिभेवर औषधापुरतीही नाही. आगरातल्या विहिरीचा कठडा ही त्याची बैठक. कठडा समोर, सगुणाचं परस उघडं आणि मधे चार कुजके बांबू. सकाळी तो दात घासायला तिथं, दुपारी पेपर वाचायला तिथं, संध्याकाळी पाणी सोडायच्या निमित्तानं पुन्हा तिथंच. बरं, नुसतं बघून गप्प बसेल तर तो मार्तंड कसला! "काल वांगं करपलं वाटतं." "त्या रिक्षेतनं कोण आलतं?" "दोरीवर चादरी चार? माणूस तर एकच हाय घरात."

हे सगळं एक वेळ तिनं ऐकून सोडलं असतं. नर्सच्या कानांना सवय असते. पण आगरात कोणी नवीन आलं, गवंडी येवो नाहीतर वायरमन, की मार्तंड बोट करून, तिला नीट ऐकू जाईल असं सांगायचा, "ती आमच्या भागोजीची पोर. आता बाकावर बसती."

भागोजी म्हणजे सगुणाचा बाप. वर्तकांच्या आगराची वई बांधायचं काम तीस वर्षं त्याच्याकडे होतं. वई म्हणजे कुंपण. नारळाच्या झावळ्या विणून त्यांचे झाप करायचे आणि ते झाप मेढींना, म्हणजे रोवलेल्या खांबांना, काथ्याच्या सुंभानं बांधायचे. छप्पन सालानंतर भागोजीच्या घरातले देव गेले, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आले. पोरगी शाळेत गेली, नर्स झाली, सरकारी शिक्क्याची झाली. वर्तकांच्या लेखी यातलं काही घडलंच नव्हतं. गंमत म्हणजे करोनाच्या लशीचे दोन्ही डोस याच मार्तंडनं सगुणाच्या हातून घेतले होते, आणि दंड पुढं करताना "सिस्टर, जरा हळू" म्हणाला होता. साथ ओसरली आणि सिस्टरची पुन्हा भागोजीची पोर झाली. सगुणाला त्याचा राग यायचा. असा की संध्याकाळी स्वतःचंच बीपी बघावं लागायचं.

तेव्हा परसाला आडोसा करायचा हे ठरलं. कशाचा, इथंच घोडं अडलं.

आधी तिनं अलिबागहून हिरवी जाळी आणली, नर्सरीवाले रोपांवर घालतात तसली. समुद्रावरच्या वाऱ्यानं चौथ्या दिवशी तिच्या चिंध्या केल्या. एक चांगला मोठा तुकडा उडून आगरात पडला, तो मार्तंडनं आपल्या मिरच्यांवर अंथरला आणि "जाळी बरी हाय गं" असं वर कळवलं. मग पत्र्यांची चौकशी केली. खाऱ्या हवेत पत्रा दोन पावसाळ्यांत चाळण होतो, हे दुकानदारानंच प्रामाणिकपणे सांगितलं. शिवाय वैशाखात तापलेल्या पत्र्याशेजारी बसायचं म्हणजे भाकरीसारखं शेकून निघायचं. चिऱ्याची भिंत सगळ्यात उत्तम, कायमची कटकट गेली असती. पण चिऱ्याचा ट्रक यायचा तो आगराकडेच्या वाटेनं, आणि त्या वाटेवर मार्तंडनं नेमके तेव्हाच नारळाचे ओंडके आणून टाकले. "उद्या उचलतो," असं तो तीन आठवडे म्हणत राहिला. ट्रकवाला कंटाळला आणि चिरा मुरूडच्या कुणा गिऱ्हाइकाला देऊन मोकळा झाला.

नर्सरीवाली प्राची म्हणाली, "मॅडम, मेंदीचंच कुंपण लावा. मस्त दाट होतं."

"किती दिवसांत?"

"दिवसांत नाही हो. चारेक वर्षं धरा."

चार वर्षं मार्तंडच्या डोळ्यांदेखत मेंदी वाढवायची आणि चार वर्षं त्याच्याच डोळ्यांदेखत डोक्याला थापायची, हे सगुणाला मंजूर नव्हतं.

शेवटी जे सगळ्यात आधी सुचायला हवं होतं ते तिला सुचलं. झाप! वाऱ्याला जरा वाट देतो म्हणून फाटत नाही, ऊन अडवतो, खाऱ्या हवेतच वाढलेला म्हणून तिला दचकत नाही. आणि बाहेरून माणूस आणायला नको. लहानपणी बापाच्या शेजारी बसून तिनं शेकडो झाप विणले होते. झावळी पुढ्यात घेतली आणि चाळीस-पन्नास वर्षांनी बोटं आपोआप चालू लागली. पात एक वर, एक खाली. तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

आता इथं आमच्याकडचा वईचा कायदा सांगायला हवा. तो कुठल्या पुस्तकात नाही, पण गावात तो तलाठ्यापेक्षा जुना आहे. गाठी ज्याच्या अंगाला, वई त्याची. वई बांधणारा माणूस मालकाच्या जागेत उभा राहतो. दुसरा एक माणूस बाहेर उभा राहून, झापातून बाहेर आलेला सुंभ पुन्हा आत सरकवतो. मग गाठ आत पडते, मालकाच्या बाजूला. म्हणून वईला कायम दोन माणसं लागतात. आणि हद्दीचा वाद झाला की लोक कागद मागाहून मागतात, आधी गाठी बघतात.

सगुणाला हा कायदा पाठ होता. लहानपणी वर्तकांची वई बांधताना भागोजी आगरात उभा राहायचा आणि बाहेर उभी राहून सुंभ आत सरकवणारी ती स्वतःच असायची. तरीही जे व्हायचं ते झालंच.

मार्तंडला बोलायला जागा नको म्हणून हद्दीपासून दीड फूट आत, आपल्याच जमिनीत तिनं मेढी रोवल्या. भावजय तुळशीला मदतीला बोलावलं. तुळशी बाकाच्या बाजूला उभी राहिली आणि सगुणा त्या दीड फुटात, आगराकडे पाठ करून. दोन दिवसांत पंचवीस फूट वई झाली, माणसाच्या डोक्यावर जाईल इतकी. मार्तंड दोन्ही दिवस कठड्यावर बसून बघत होता आणि नवल म्हणजे एक अक्षर बोलला नाही. तेव्हाच तिला संशय यायला हवा होता.

वई झाली त्या संध्याकाळी सगुणा मेंदी थापून बाकावर बसली. पाय लांब केले. पलीकडून आवाज नाही, खोकला नाही, काही नाही. तिला चक्क रडू आलं, आणि हात मेंदीनं भरलेले, त्यामुळे डोळे पुसता येईनात.

हे सुख तिला एक आठवडा लाभलं. पुढच्या शनिवारी मार्तंड रस्त्यावर, तिच्या फाटकासमोर येऊन उभा राहिला. आत तो कधीच यायचा नाही.

"सगुणे, वई झकास बांधलीस गं. अगदी भागोजीचा हात. माझं मोठं काम केलंस."

"तुमचं कसलं काम?"

"गाठी बघ की कुठं हायत त्या."

सगुणा वळसा घालून वईमागं गेली. त्या दीड फुटात उभी राहून तिनं झापांवरून नजर फिरवली. सगळ्या गाठी आगराच्या बाजूला होत्या. ओळीनं, बापानं मारल्यासारख्या, एकसारख्या. गाठ मारायची ती वर्तकांच्या अंगाला उभं राहूनच, असं लहानपणी जे डोळ्यांनी बघितलं ते हातांनी लक्षात ठेवलं होतं. डोक्याला कायदा पाठ होता, हातांना भागोजी पाठ होता. तिला मार्तंडची चीड आलीच, पण त्याहून जास्त आली ती स्वतःच्या हातांची. शिकली, नोकरी केली, घर बांधलं, आणि हे दोघे अजून वर्तकांच्या कामावर!

ती परत फाटकाशी आली तेव्हा मार्तंडचा चेहरा सणासुदीचा झाला होता.

"उद्या संध्याकाळी पोलीस पाटलाला बोलावलाय," तो म्हणाला. "वई माझी, वईखालची जागा माझी, दीड फूटबी माझीच. लिहून घेतो. आन् मंग ती कमरेएवढी कापतो. एवढी उंच कशाला? माझ्या पोफळींचा वारा अडतोय."

"माझ्याकडे खरेदीखत आहे. सातबारा आहे."

"दाखव की! मंग मोजणी माग. मोजणीवाला येईल कवातरी दोन वर्सांनी. तवर बसू आपण, तू बाकावर, मी कठड्यावर."

तो गेला. सगुणाला एकच गोष्ट स्वच्छ दिसत होती. उद्या संध्याकाळपर्यंत गाठी आतल्या बाजूला आल्या नाहीत, तर हा माणूस तिच्याच जमिनीत उभा राहून तिचीच वई कापेल, आणि मरेपर्यंत तिच्या पायाच्या नखांपासून डोक्यावरच्या पिशवीपर्यंत बघत बसेल.

ती तशीच तुळशीकडे गेली. तुळशी पदराशी चाळा करत म्हणाली, "वन्सं, मला न्हाय हो जमणार. ह्यांचा टेंपो त्यांच्याच सुपाऱ्या वाहतो. उद्या काम बंद केलं म्हंजे?" पलीकडच्या नीराबाईंचे गुडघे अचानक दुखायला लागले. मागच्या आठवड्यात त्याच गुडघ्यांनी त्या रेवदंड्याच्या बाजारात फिरत होत्या. प्रांजलीनं फोनवर सांगितलं, "आई, तू घरातच बसून मेंदी लाव ना. कशाला डोक्याला ताप?" सगुणानं फोन ठेवला.

रविवारी सकाळी सातला तिनं एकटीनंच वई सोडायला घेतली. कोयतीनं सुंभ कापत गेली आणि झाप एकेक करून आडवे झाले. आवाज ऐकून मार्तंड धावत आला आणि थेट त्या दीड फुटात येऊन उभा राहिला.

"माझ्या वईला हात लावू नको!"

"तुम्ही उभे आहात ती जागा माझी आहे," सगुणा म्हणाली. "पोलिसांना बोलवायचं तर बोलवा. नाहीतर उभे राहा."

पोलिसांनी कागद मागितले असते, आणि कागदात मार्तंडचं नाव कुठंच नव्हतं. त्यानं छाती पुढं काढली आणि तिथंच पाय रोवले. "बघतो ना. बाहेरनं सुंभ कोण देतंय तुला ते बघतो."

हीच त्याची खेळी होती, आणि बरोबर होती. सगुणानं आत उभं राहून पहिला झाप मेढीला टेकवला, सुंभ बाहेर सरकवला, आणि तो मार्तंडच्या चपलेपाशी पडला. त्यानं सुंभाकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि दोन्ही हात पाठीमागं बांधले. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तो हसला.

सगुणा घरात गेली. पाण्याचा घोट घेतला आणि स्वयंपाकघरात उभी राहून विचार करू लागली. कोयत्यानं कापलेले हात, बोटीच्या पंख्यानं फाटलेल्या पोटऱ्या, डॉक्टर रजेवर असले की केंद्रात तिनंच शिवल्या होत्या. जखम शिवताना आतून कोणी सुई परत देत नाही. सुई वाकडी असते. एका बाजूनं शिरते, वळते आणि त्याच बाजूनं बाहेर येते. माळ्यावर मोडकी छत्री पडली होती. तिनं तिची एक काडी उपसली. काडीच्या टोकाला भोक आयतंच होतं. दुसरं टोक पायरीच्या दगडावर घासून धारदार केलं आणि पकडीनं काडीला चंद्रकोरीसारखा बाक दिला.

परत येऊन तिनं भोकात सुंभ ओवला आणि काडी झापात खुपसली. काडी मेढीमागून वळली आणि तिच्याच बाजूला तोंड काढून बाहेर आली. तिनं सुंभ ओढून घेतला आणि गाठ मारली. आतल्या अंगाला. ही बापाची गाठ नव्हती. टाका घालताना मारतात ती होती.

मार्तंडचं हसू मावळलं. "ही कसली रीत?" तो म्हणाला.

"आरोग्य केंद्राची," सगुणा म्हणाली.

मग ती एकेक टाका घालत गेली. झापांची एक ओळ पुरी झाली आणि मार्तंडच्या चपला दिसेनाशा झाल्या. दुसऱ्या ओळीत त्याचे गुडघे गेले. आता तिथं उभं राहण्यात काही अर्थ नव्हता, हे त्यालाही कळत होतं. पण निघून गेला तर भागोजीच्या पोरीनं हाकलल्यासारखं झालं असतं. म्हणून उभा राहिला. डोक्यावर ऊन होतं. बायको दुर्गा रेवसला लेकीकडे गेलेली, त्यामुळे जेवायला हाक मारणारंही कोणी नव्हतं. तिसऱ्या ओळीत त्याचं पोट गेलं. चौथ्या ओळीत छाती गेली, आणि तोवर चार वाजले होते. सगुणाच्या बोटांना फोड येऊन फुटले, तरी तिनं हात थांबवले नाहीत.

शेवटची ओळ राहिली तेव्हा त्याचं नाकाच्या वरचं तेवढं दिसत होतं.

"सगुणे," तो म्हणाला. आवाज सुकला होता. "पाणी दे गं जरा."

तिनं त्याच्याकडे बघितलं. डोळे खोल गेलेले, कपाळाला मीठ फुटलेलं. साखरेचा पेशंट, सकाळपासून उपाशी. ती आत जाऊन तांब्याभर पाणी आणि पेला घेऊन आली. मार्तंडनं वईवरून हात पुढं केला.

"हितनंच दे."

तांब्या धरलेला तिचा हात वर गेलाही होता. आणि तिला ते आठवलं. ती आठ वर्षांची होती, वईबाहेर उभी, सुंभ सरकवून सरकवून घसा कोरडा झालेला. तिनं पाणी मागितलं तेव्हा मार्तंडची आई वईपाशी आली आणि वरून तांब्या कलता केला. खाली ओंजळ धरायची. निम्मं पाणी तोंडात गेलं, निम्मं कोपरांवरून ओघळून फ्रॉकमध्ये. पंधरा वर्षांचा मार्तंड आत उभा राहून टाळ्या पिटत होता. "भिजली, भिजली!"

सगुणानं हात खाली घेतला. या हातांनी तिला न विचारता एकदा काम केलं होतं, तेवढं पुरे होतं.

"पुढच्या फाटकानं या," ती म्हणाली. "इथं बाकावर बसा. पेल्यात देते."

"हितनं काय हुतंय?"

"हितनं न्हाय."

मार्तंडनं बाकाकडे बघितलं, पेल्याकडे बघितलं. मग मान वळवून फाटकाकडे. रस्त्यावर रविवारची वर्दळ होती. गावातलं कोणी ना कोणी त्याला आत शिरताना बघणार, बाकावर बसून पेला तोंडाला लावताना बघणार. दिवसभरात पहिल्यांदा त्याला कोणी बघेल याची भीती वाटली, आणि ती सगुणाला त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसली. तरी ती थांबली. खरोखर थांबली. तो आला असता तर तिनं पाण्यात साखर-मीठ घालायचं की नुसतं मीठ, याचाही विचार करून ठेवला होता.

तो आला नाही. तिथून हललाही नाही.

तिनं तांब्या बाकावर ठेवला, काडीत सुंभ ओवला आणि शेवटची ओळ बांधायला घेतली. डोळे गेले, कपाळ गेलं, पांढरे केस गेले. शेवटची गाठ पडली. मग पाचोळा वाजला, आधी विहिरीकडे आणि तिथून घराकडे.

सहा वाजता पोलीस पाटील आला. त्यानं वई बघितली, गाठींवरून बोट फिरवलं. "गाठी तर आतल्या अंगाला हायत," तो म्हणाला. मग बाकावर टेकला, पेलाभर पाणी प्यायला, सातबारा बघितला आणि मार्तंडला हाक मारली. मार्तंड घरात होता, पण बाहेर आला नाही.

पाटील गेल्यावर सगुणानं तांब्यातलं उरलेलं पाणी तोंडाला लावलं आणि बाकावर पाय लांब केले. मेंदी भिजवायचं त्राण उरलं नव्हतं. तिनं दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्यावरच्या फोडांकडे बराच वेळ बघत बसली. तिच्याकडे कोणी बघत नव्हतं.